घाटनांदूरला जाऊन येण्यापुरतं पेट्रोल

बीडहून घाटनांदूर पस्तीस कोस. बैलगाडीने चार मुक्काम, घोड्यावर दोन, आणि मोटारीने किती, हे मी निघालो तेव्हा आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आता जाऊन आलोय, म्हणून जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

बीड

मोटार मी जालन्याकडच्या एका जहागीरदाराकडून जुनी घेतली. माझी वकिली काही फार चालत होती असं नाही. पण स्वप्नं पडायला वकिली चालावी लागत नाही. गाडी हवेलीतल्या बायकांसाठी घेतलेली होती. मागे अजून पडद्याच्या पितळी दांड्या होत्या, आणि मागची बैठक इतकी रुंद, की माणूस तिच्यावर सुखाने आडवा व्हावा. ती बैठक पाहिली आणि तिच्यावर मला अक्का निजलेली दिसली. तिथेच सौदा ठरला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, घाटनांदूरला दिलेली. अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि पाठीने कायमची अधू झाली. घटकाभर टेकून बसते, बाकी सारा दिवस खाटेवर. बैलगाडीचे हिसके तिला सोसत नाहीत. चार वर्षांमागे तिला माहेरी आणायला म्हणून निघालो, तर दोन कोसांत तिची शुद्ध हरपली आणि गाडी माघारी फिरवावी लागली. तेव्हापासून माहेरचं नाव तिनेच बंद केलं.

इकडे आप्पा, म्हणजे आमचे वडील, दम्याने खाटेला खिळलेले. दिवाळी झाली तसं हकीमसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता महिना, फार तर दोन. आप्पा आयुष्यभर दुकानदार. कुणाकडे काही मागायची सवयच नाही. फक्त रोज सकाळी कपाळाला विभूती लावून झाली की विचारत, "घाटनांदूरकडनं कोनी आलंय का?" कोणी आलेलं नसे. मग ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडत. ते पाहणं मला फार जड जाई.

म्हणून मोटार. पण ही मोटार प्यायची. जहागीरदाराच्या मुनीमाने छातीठोक सांगितलं होतं, की एका डब्यात पंधरा कोस जाते. घरी आणल्यापासून एका डब्यात आठ कोसांच्या वर ती कधी गेली नाही. पेट्रोल येतं जालन्याच्या स्टेशनावरून, बैलगाडीने. बीडच्या ज्या एका दुकानात ते मिळतं, तिथे त्या महिन्यात मिळून आठ डबे होते. पुढची खेप कधी येईल ते दुकानदारालाही सांगता येईना. आणि आप्पांना थांबायला सांगणं माझ्या हातात नव्हतं.

आठ डब्यांत सत्तर कोस जाऊन यायचं होतं. मुनीमाचं खरं मानलं तर पेट्रोल उरत होतं. गाडीचं खरं मानलं तर वाटेतच संपत होतं. आणि वाटेत संपलं, तर अक्काला उचलून बैलगाडीत घालावं लागलं असतं, जे तिला सोसतच नव्हतं.

"बैल चारा खातो, तर शेन तरी देतो," आप्पा खाटेवरून म्हणाले. "हिचं काय? नुसता वास." पण निघायच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या तळहातावर विभूती ठेवली, आणि गाडीच्या नाकाला लाव म्हणून सांगितलं.

गाडी चालवायला कासीमभाई. पूर्वी टांगा हाकायचे, मग जालन्याच्या एका जिनिंगच्या लॉरीवर मोटार शिकले. वय पन्नाशीचं, दाढीला मेंदी, आणि गाडीशी बोलायची सवय. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता: एवढ्या थंडीतही ही गाडी हँडलच्या पहिल्या फेऱ्याला सुरू होते. "लॉरीला आमी चार चार जन घाम गाळायचो," ते म्हणत. "ही बघा, शानी पोरगी."

गाडीच्या समोरच्या फळीवर एक पितळी बोंड होतं. त्याच्या दांडीला कुणीतरी दोऱ्याचे पुष्कळ वेढे देऊन त्यात कापडात शिवलेला ताईत अडकवलेला होता. दोरा इतका जुना, की मुळात लाल होता की हिरवा ते कळत नव्हतं. कासीमभाई रोज सकाळी तो ताईत फडक्याने हळुवार पुसत. माझी बायको शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहत असे. गाडी रक्षणासाठी कुणाच्या तरी हवाली आहे, या विचाराने मलाही बरं वाटे.

नेकनूर

मांजरसुंब्याचा घाट चढताना मी दोन गोष्टी पाहत होतो. एक म्हणजे खाली राहिलेलं बीड. थंडीचं धुकं अजून उठलं नव्हतं आणि त्यातून नुसते मनोरे आणि देवळांचे कळस वर आलेले, जणू गाव कुणीतरी रात्री पाण्यात ठेवून विसरलंय. दुसरी म्हणजे कासीमभाईंची काडी. कडुलिंबाची सरळ काडी घेऊन तिच्यावर त्यांनी चाकूने खाचा पाडल्या होत्या. थोड्या थोड्या वेळाने गाडी थांबवायची, बैठक उचलायची, खालच्या टाकीत काडी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. घाटाच्या माथ्यावर ती काडी जवळजवळ कोरडीच वर आली.

"संपला की हो डबा," कासीमभाई म्हणाले. "आजून नेकनूर यायचं हाय."

दुसरा डबा तिथेच ओतला. तेव्हा लक्षात आलं, की धपाट्यांची पुरचुंडी डब्यांच्या शेजारी ठेवण्यात माझी चूक झाली होती. धपाटं, दही, ठेचा, सगळ्याला पेट्रोलचा वास. कासीमभाईंनी एक घास खाल्ला, विचार केला, आणि म्हणाले, "वकीलसाब, आता आपन बी पंधरा कोस जाऊ." मी हसलो खरा, पण पोटात काही गेलं नाही.

नेकनूरला लोहाराच्या भात्यापाशी थांबलो. रस्त्यात आम्ही दोघांनी एकेक शंका काढून ठेवली होती. टाकी गळतेय का? कासीमभाईंनी गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्ही चहा पिऊन आलो. कागद कोरडा. चाकांत हवा कमी आहे का? भरून पाहिली. राहिला ब्रेक. चाक आतल्या आत धरलं जात असेल, तर गाडी म्हणजे दावं न सोडता हाकलेला बैल.

लोहार म्हातारा, पण नजर पक्की. त्याने मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून घेतली आणि एकेक हाताने फिरवून कान लावला. भोवती निम्मं गाव जमलं होतं.

"हे डावं चाक अडखळतंय," तो म्हणाला. "पन लई न्हाई. यवढ्यानं काय व्हतंय? कुटं जायाचं?"

"घाटनांदूरला. बहिणीला आणायला."

"बैलगाडीनं कावून न्हाई आनत?"

मी सांगितलं. त्याने डाव्या चाकाचा ब्रेक सैल करून दिला, आणि हात धुऊन घरातून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पाटी आणली. ओल्या तुरीच्या, मीठ घालून उकडलेल्या शेंगा. पेट्रोलच्या वासानंतर त्या शेंगांची चव काय सांगू! निघताना तो म्हणाला, "येताना इथं थांबा. बाईला बघू द्या आमचं गाव." येताना आम्ही इथवर तरी येऊ की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

केजच्या वाटेवर

ब्रेक सैल केल्यावर गाडी जरा हलकी झाल्यासारखी वाटली. वाटली, एवढंच. काडीने तसं काही म्हटलं नाही.

या बाजूचा मुलूख उघडा. एकीकडे डोंगराची लांब पाठ, दुसरीकडे हिरवी ज्वारी, मधे मधे तुरीचे पिवळे पट्टे. मैलांच्या दगडांवर सरकारी उर्दूत गावांची नावं. अंबाजोगाईला तिथे मोमिनाबाद म्हणायचं. मी दगड मोजायला बसलो होतो, पण मला असं मोजत बसलं की डोळ्यांपुढे भलतंच येतं. दगड जात राहिले आणि मी लहानपणी अक्काबरोबर बिंदुसरा नदीच्या वाळूत झरे उकरत होतो. ती झरा उकरायची, आणि पाणी निवळेपर्यंत मला हात लावू द्यायची नाही. "शिवा, दम धर, गढूळ पितोस काय?" शुद्धीवर आलो तेव्हा किती दगड गेले ते सांगता येईना, आणि कासीमभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मोजदाद मागितली नाही.

एका नदीच्या पात्रात गाडी रुतली. जितकं इंजिन ओरडे तितकी चाकं खाली जात. शेवटी पलीकडच्या शेतातून एका शेतकऱ्याने बैलजोडी आणून दोर बांधला. गाडी बाहेर निघाल्यावर त्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वकीलसाहेब, आता हिच्याम्होरं बैल जुपलं. म्हंजी ही आमच्याच भावकीत आली." त्याला ही गोष्ट आयुष्यभर पुरेल असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

केजला मुक्काम केला. सकाळी कासीमभाईंनी इंजिनातल्या ठिणगीचे प्लग काढले. काजळीने बरबटलेले. राखेने घासून, पुसून पुन्हा बसवले आणि ते बराच वेळ आपल्या काळ्या बोटांकडे बघत राहिले.

"काजळी लई धरतीया," ते म्हणाले. "पेट्रोलात रॉकेल मिसळलंय का काय?"

मोमिनाबादेत पेट्रोल मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. मिळालं ते नुसतं रॉकेल. देवीच्या देवळाकडे तोंड करून मी हात जोडले, कासीमभाईंनी मनातल्या मनात काही म्हटलं, आणि आम्ही पुढे निघालो. त्या गावाबाहेर चौथा डबा संपत आला होता.

घाटनांदूर

गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती आणि गावात माणूस नव्हतं. दारं ओढलेली, पारावर कुणी नाही, दुकानाच्या फळ्या लावलेल्या. एक कुत्रं उठून आमच्याकडे बघून पुन्हा झोपलं. उन्हात सगळं इतकं स्तब्ध, की मला वाटलं आपण चुकीच्या दिवशी, चुकीच्या जन्मात आलो आहोत. मग आठवलं. त्या दिवशी येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या बीडकडे हा सण नाही. मोमिनाबादेच्या पलीकडे मात्र त्या दिवशी घरात राहायचं नसतं. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात पूजा मांडतं आणि तिथेच दिवसभर जेवतं.

फक्त अक्का घरी होती. ओसरीवर, दाराकडे तोंड केलेली तिची खाट. केस पिकलेले, हात बारीक झालेले, डोळे मात्र तेच. मी पायांवर डोकं ठेवलं, तर तिने केस धरून माझं डोकं वर केलं.

"केव्हाची ऐकतीया मी," ती म्हणाली. "शिवेवर होता तवाच वळखलं, की ह्ये आपल्याकडं येतंय. आप्पा कसं हायेत?"

मी खरं ते सांगितलं. ती रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मला न्यायाला आलास?"

"हो."

"नेता येईल?"

मी लबाडी करायला हवी होती. वकील असूनही जमली नाही. तीन भरलेले डबे आणि टाकीत अर्ध्या डब्याहून थोडं जास्त. आठ कोसांच्या हिशेबाने एकोणतीस कोस. म्हणजे सहा कोस कमी. मांजरसुंब्याच्या माथ्याच्या जवळपास कुठेतरी आम्ही उभे.

"मंग मी न्हाई येत," अक्का म्हणाली. "वाटंत मला बैलगाडीत घालशील. आप्पाला मी मेलेली बघायची हाय का?"

ती रागावली नव्हती. तेच मला लागलं. तिने आशा धरायची सोडून दिली होती आणि मी उगीच येऊन ती पुन्हा लावली होती. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि मला खरंच रडू आलं.

बाहेर कासीमभाई गाडी सावलीत लावत होते. त्यांनी ती मागे घेतली, इंजिन एकदा मोठ्याने फिरवलं, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मागच्या नळीतून धुराचा एक काळा डाग उठला. अक्काने मान उचलून पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षं अक्का खाटेवरून स्वयंपाक करते. म्हणजे सुना चुलीपाशी, आणि ही ओसरीवर. धूर बघून, वास घेऊन सांगते, लाकूड ओलं आहे, जाळ मागे ओढ, राख काढ. तिच्या जावा म्हणतात, अक्कांना धुरातली भाकरी दिसते.

"शिवा," ती म्हणाली, "तुज्या गाडीचा धूर काळा कावून हाय?"

"मोटारीचा असतोच, अक्का."

"गेल्या साली तहसीलदाराची मोटार ह्याच भिंतीजवळ हुबी होती. तिचा न्हवता." तिने एक बोट वर केलं, जसं सुनांना समजावते. "ओल्या जळनाचा धूर पांढरा. काळा धूर म्हंजी जाळ कोंडलाय. जळन लई अन् वारा कमी. मंग चूल नुसती जळन खाती, भाकर काय भाजत न्हाई. ही तुजी गाडी वारा कुटून घेती, त्ये बघ."

कासीमभाई दारात उभे होते. ते वळले आणि गाडीकडे जवळजवळ धावतच गेले. मी मागे. त्यांनी इंजिनावरचं झाकण उचललं. पेट्रोल आणि वारा जिथे एकमेकांत मिसळतात त्या कार्बोरेटरच्या तोंडावर एक पत्र्याची झडप असते. थंडीत गाडी सुरू करताना तेवढ्यापुरती ती मिटायची, म्हणजे पेट्रोल जास्त खेचलं जातं. गाडी सुरू झाली की सोडून द्यायची. आमची झडप अर्धी मिटलेली होती. कासीमभाईंनी बोटाने उघडून पाहिली, ती परत आली. तिच्यापासून एक तार निघाली होती. तारेच्या मागे मागे त्यांचं बोट गेलं, फळीच्या आतून गेलं, आणि बाहेर आलं ते त्या पितळी बोंडापाशी.

बोंड आत जायला हवं होतं. ते जात नव्हतं, कारण त्याच्या दांडीवर ताईताच्या दोऱ्याचे जाडजूड वेढे होते.

मी त्या वेढ्यांवर बोट ठेवलं.

"कासीमभाई," मी म्हणालो, "हा ताईत तुम्ही बांधलेला ना? दर्ग्यातला?"

"मी?" ते म्हणाले. "मी कशाला बांधू? मला वाटलं तुमच्या घरचा हाय. देवीचा. बाईसाहेब हळदकुंकू वाहत्यात की हो!"

"ती वाहते कारण तुम्ही रोज पुसता!"

"मी पुसतो कारन तुमी वाहता!"

दीड महिना. दीड महिना आम्ही दोघे एकमेकांच्या श्रद्धेला जपत बसलो होतो आणि गाडी पेट्रोल पीत होती. लॉरीला झडपेची तार पुढे नाकाशी असते, म्हणून कासीमभाईंना हे बोंड ओळखीचं नव्हतं. आणि ज्या वस्तूवर कुणाचा देव बसलाय तिला हात लावून विचारायचं कसं, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं. पहिल्या फेऱ्याला सुरू होणाऱ्या शहाण्या पोरीचं शहाणपण तेवढंच होतं. हवेलीतल्या कुणी तो बांधला, कुणाच्या भीतीने, कुणाच्या मायेने, ते आता कोण सांगणार?

सापडलं खरं, पण सोडवायचा कोणी? मी हात पुढे केला आणि मागे घेतला. कासीमभाईंनीही तेच केलं. ओसरीवरून अक्का ओरडली, "काय झालं?" आम्ही सांगितलं. ती खळखळून हसली. अकरा वर्षांत तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"दोघं मिळून सोडा," ती म्हणाली. "तोडू नका. आन माज्या हाताला बांधा. गाडीत मी बसनार हाय. मंग त्यो गाडीतच ऱ्हाईल, कुनाचा का असंना."

एका टोकाला त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, दुसऱ्या टोकाला मी शिवाचं नाव घेतलं. तेलाने दोरा दांडीला चिकटून कडक झाला होता. नखं दुखेपर्यंत आम्ही तो उलगडला. शेवटचा वेढा सुटला तसं बोंड आपोआप आत गेलं. अक्काच्या मनगटावर दोरा बांधला तेव्हा तो पिवळट, मळकट, कुठल्याच रंगाचा नव्हता.

आता बघायचं कसं? कासीमभाई म्हणाले, कोसभर जाऊन येऊ. अक्का म्हणाली, "शेतात जाऊ."

तिने शेत अकरा वर्षं पाहिलेलं नव्हतं. मागच्या बैठकीवर दोन गाद्या टाकल्या, आम्ही दोघांनी तिला चादरीत उचलून ठेवलं, आणि गाडी शेताकडच्या अरुंद पांदीने निघाली. इतकी हळू, की बाजूची पाखरंही उडाली नाहीत. मी सारखा मागे वळून बघत होतो, ती कण्हतेय का, पांढरी पडलीय का. ती वर बघत होती. डोक्यावरून बाभळी जात होत्या.

कोपीपाशी सगळी माणसं जेवायला बसलेली. दाजी, अक्काचे यजमान, हातात आंबिलाचं गाडगं घेऊन उभे होते. त्यांनी गाडी पाहिली, मग गाडीत कोण आहे ते पाहिलं, आणि गाडगं तसंच हातात धरून ते धावत आले. निम्मं आंबील वाटेत सांडलं. उरलेलं गाडगं त्यांनी अक्काच्या तोंडाला लावलं.

मग आम्हाला वाढलं. सगळ्या ओल्या शेंगांची, भाज्यांची बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि ताकातलं गार आंबील. बीडला आम्ही कढी पितो आणि स्वतःला शहाणे समजतो. हे आंबील प्यायल्यावर माझं मत बदललं आहे. कासीमभाईंनी पाच गाडगी प्यायली. मग काडी टाकीत बुडवली, वर काढली, खाचेवर बोट ठेवलं आणि मला दाखवली. ओल जिथे होती त्याच्या केसभर खाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे म्हणावं तर धूर नव्हता.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी निघालो. दाजींनी बोळवण करताना एवढंच विचारलं, "परत कधी आनता?" मी म्हटलं, पत्र टाका, कळवतो.

परतीच्या वाटेचं मला फार सांगता येणार नाही, कारण ती मी अक्काच्या तोंडून ऐकली. आडवं पडल्यावर जे दिसतं तेवढंच ती सांगत होती. आधी वडाच्या पारंब्या, मग तारेचे खांब, मग एक घार, बराच वेळ एकच घार. "शिवा, ह्यो डोंगर बसलाय का चाललाय?" मी म्हणायचो, आपण चाललोय. ती म्हणायची, "मला तर वाटतंय त्यो चाललाय अन् आपन हितंच हाय." उन्ह कोवळं होतं, इंजिनाचा आवाज आता एकसारखा, गुणगुणल्यासारखा येत होता, आणि खरं सांगतो, थोडा वेळ मलाही तसंच वाटलं.

केजला मुक्काम केला. नदीच्या पात्रात या वेळी आधीच बैल लावून घेतले. तोच शेतकरी होता, त्याने बैलांना सांगितलं, "चला, पावनी आली." नेकनूरला लोहार बाहेर आला. त्याने धुराच्या नळीशी पांढरं फडकं धरलं, उलटून पाहिलं आणि मान डोलावली. अक्काला त्याने ओंजळभर शेंगा दिल्या. तिने त्या पदरात बांधल्या. आप्पांना आवडतात म्हणाली.

मांजरसुंब्याच्या माथ्यावर, जिथे आम्ही अडकणार होतो त्याच सुमाराला, मी कासीमभाईंना थांबायला सांगितलं. खाली बीड होतं. अक्काला उचलून टेकवलं. ती बघत राहिली. "केवढंसं हाय की," ती म्हणाली. मग बोटाने आपली गल्ली शोधायला लागली.

घरी पोचलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसलेले होते. पंधरा दिवस उठले नव्हते, ते उठून बसले होते. दोघांना आत नेलं आणि अक्काची खाट त्यांच्या खाटेला लावली. मग आप्पांनी तिचं मनगट धरलं. दोरा हाताला लागला तसा त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, पण विचारलं नाही. विचारलं ते मला.

"पेट्रोल किती लागलं?"

"येताना दोन डबे आणि थोडं. एक अख्खा डबा उरलाय."

"एका डब्यात किती कोस?"

"पंधरा, आप्पा. मुनीम खरं बोलला होता."

त्यांनी बराच वेळ विचार केला. दुकानात मापं घेताना करायचे तसा.

सकाळी कासीमभाई घाबरेघुबरे माझ्याकडे आले. गाडीतला डबा नाहीसा झाला होता. अंगण पाहिलं, गोठा पाहिला. शेवटी माझ्या बायकोने डोळ्यांनी खूण केली. आप्पांच्या खाटेखाली, घोंगडीने झाकलेला, पेट्रोलचा भरलेला डबा होता. ज्यांना पाण्याचा तांब्या उचलत नव्हता, त्यांनी तो तिथे नेला कसा, ते मला कळलं नाही. शेजारी अक्का झोपलेली होती. आप्पा जागे होते, आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी घोंगडी पुन्हा सारखी केली आणि बाहेर आलो.

आठ दिवसांनी दाजींचं पत्र आलं. अक्काला कधी पोचवता म्हणून विचारलं होतं. मी आप्पांना वाचून दाखवलं. अक्का त्यांना तुरीची शेंग सोलून देत होती. त्यांनी दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि म्हणाले,

"पेट्रोल न्हाई म्हनून कळीव."

मी कागद घेतला आणि तसंच लिहिलं.